जगदाळेसाहेबांच्या मानेचा धोका-तक्ता

पंढरी जगदाळे यांना मागून धडक बसली त्याला कारण एकच. ते थांबले होते.

बोईसरहून कारखान्यांकडे वळणाऱ्या नाक्यावर कुणीतरी नुकतीच एक पांढरी रेषा मारून ठेवली होती. ती कुणी मारली आणि कशासाठी, याची चौकशी करण्याची गरज कुणालाही वाटली नव्हती. रिक्षावाले तिच्यावर उभे राहून प्रवासी भरत आणि दुपारी कुत्री तिच्यावर अंग टाकत. पण जगदाळे गेली चोवीस वर्षं रंगाची रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते, आणि रेषा दिसली की थांबायचं हे त्यांच्या हाडीमांसी खिळलं होतं. मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी त्यांनी आपली जुनी पण लखलखीत गाडी त्या रेषेच्या एक वीत अलीकडे उभी केली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, नियमाप्रमाणे पुन्हा डावीकडे पाहिलं, आणि मान तशीच डावीकडे असताना मागून मासळीचा टेम्पो येऊन आदळला.

टेम्पोतून दांडी गावचा महादू तांडेल उतरला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, होतं ते निखळ आश्चर्य.

"साहेब, तुमी थांबले कशापायी? म्होरं तर कोन नाय."

जगदाळ्यांनी बोटाने रेषा दाखवली. महादूने ती बराच वेळ निरखून पाहिली. "ही? मी समजलो कोनाचा तरी चुना सांडला."

गाडीचा बंपर चेपला होता आणि टेम्पोतली बोंबलांची एक पाटी उलटली होती. जगदाळ्यांनी पट्टा लावलेला होता, डोक्यामागची उशी पुस्तकात दिलेल्या उंचीवर होती, वेग शून्य होता. म्हणजे पुस्तकाप्रमाणे त्यांना काही व्हायलाच नको होतं. त्यांनी तसं महादूला सांगितलंही, आणि सांगताना लक्षात आलं की आपण महादूशी बोलतो आहोत, पण बघतो आहोत समोरच्या पानटपरीकडे. मान डावीकडे वळत नव्हती.

आता ही साधी मुका मार लागल्याची गोष्ट झाली असती. तुम्हा-आम्हाला झाली असती तर बाम चोळून आपण कामाला लागलो असतो. पण कारखान्याच्या फाटकावर एक निळा फलक होता. त्यावर लिहिलेलं होतं, 'अपघाताविना दिवस', आणि खाली खिळ्यांना पत्र्याचे आकडे टांगलेले असत. त्या मंगळवारी फलकावर २९९२ होते. येत्या बुधवारी तीन हजार भरणार होते. मॅनेजरसाहेबांनी चाळीस किलो जिलेबी सांगून ठेवली होती आणि जगदाळ्यांनी आठ पानी भाषण लिहून ठेवलं होतं. आठ वर्षांहून जास्त काळ या माणसाने तो आकडा पोटच्या पोरासारखा वाढवला होता. त्यासाठी माणसांना शिडीवरून उतरवलं होतं, ठेकेदारांशी भांडणं केली होती, आणि कॅन्टीनमध्ये केळं खाणाऱ्याच्या मागे साल उचलेपर्यंत ते उभे राहिले होते.

आणि त्याच फलकासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने एक कलम लिहिलं होतं. कामावर येता-जाता झालेली इजा सात दिवस उलटूनही राहिली, तर तो अपघात समजावा आणि फलक शून्यावर आणावा. हे असं कायद्यात नव्हतं. कायदा त्यांना नेहमीच जरा ढिला वाटत आला होता.

जगदाळ्यांनी बोटांवर दिवस मोजले. मंगळवार ते मंगळवार सात दिवस. आठवा दिवस बुधवार. मान सात दिवसांत बरी झाली तर ती 'किरकोळ घटना', नाही झाली तर तीन हजाराचं शून्य. म्हणजे त्यांचा सगळा प्रश्न एवढाच उरला, की ही मान किती दिवस दुखणार.

हा प्रश्न घेऊन ते संध्याकाळी पालघरला रुचिता मेहेर यांच्याकडे गेले. क्ष-किरण तपासणीत हाडं जागच्या जागी निघाली होती आणि हाडांच्या डॉक्टरांनीच त्यांना या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवलं होतं. रुचिता वयाने तिशीच्या आतली, मुरबे गावची, आणि हात असे की मानेला कुठे काय झालंय ते मानेआधी त्यांना कळायचं. त्यांनी मान चाचपली, हळूहळू वळवून घेतली आणि एक छापील कागद पुढे केला.

अशी धडक बसलेल्यांपैकी बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात, असं त्या म्हणाल्या. थोड्यांचं दुखणं मात्र ठाण मांडून बसतं. ते कुणाचं बसू शकेल याचा अंदाज यावा म्हणून दहा गोष्टी विचारायच्या. पहिल्या दिवसापासून फार दुखतंय का, डोकं धरतं का, आधीपासून मान आखडायची सवय होती का, झोप लागते का, मान हलवायची भीती वाटते का, मनात सारखं वाईटच येतं का, अपघात डोळ्यांपुढे येत राहतो का, पडून राहावंसं वाटतं का, कुणावर राग किंवा भरपाईची भांडणं आहेत का, आणि शेवटचं, आपण बरे होऊ असं वाटतं का.

जगदाळ्यांनी आधी कागदावर आवृत्तीचा क्रमांक आणि तपासणाऱ्याची सही नाही हे बाईंच्या निदर्शनास आणून दिलं, मग तो भरला. डोकं थोडं धरलं होतं आणि मान आधीही कधीमधी आखडायची. दहापैकी दोन.

"दोन म्हणजे काहीच नाही," रुचिता म्हणाल्या. "मानेला पट्टा बांधू नका, झोपून राहू नका, मान जमेल तेवढी हलवत राहा. हलवताना थोडं दुखेल, ते दुखू द्या. सात दिवसांचं मी लिहून देत नाही, पण तुम्ही बरे व्हाल."

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण चोवीस वर्षांत जगदाळ्यांपुढे जेवढे अहवाल 'धोका कमी' म्हणून आले होते ते सगळे आळशी माणसांनी लिहिलेले निघाले होते. धोका नसतो असं नसतं, नीट शोधलेला नसतो, हे त्यांचं ठाम मत. त्यांनी त्या कागदाची प्रत मागून घेतली.

सरावलीतल्या आपल्या घरी येऊन त्यांनी रात्रीच्या जेवणाआधी धोका-तक्ता आखला. कारखान्यात नवं यंत्र बसवताना आखतात तसाच. पहिल्या रकान्यात धोका, दुसऱ्यात त्याची तीव्रता, मग उपाययोजना, जबाबदार व्यक्ती आणि मुदत. दहाही ओळींत जबाबदार व्यक्ती म्हणून पुष्पलता जगदाळे हे नाव होतं. पुष्पलताबाईंनी तो तक्ता फ्रिजवर चिकटलेला पाहिला, पूर्णपणे वाचला, आणि वाटाणे सोलता सोलता विचारलं, "अहो, मान तुमची, धडक त्या टेम्पोवाल्याची, रेषा सरकारची, मग यात मी कुठून आले?"

जगदाळ्यांनी समजावलं की जबाबदार म्हणजे दोषी नव्हे. एकवीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी बऱ्याचदा वापरलेलं असल्याने पुष्पलताबाईंनी ते सोडून दिलं.

बुधवारपासून तपासणी सुरू झाली. झोप लागते की नाही हे कसं कळणार? तर मोबाइलवर दर दोन तासांचा गजर लावायचा, आणि गजराने जाग आली तर त्याआधी झोप लागली होती अशी नोंद करायची. गुरुवारी सकाळी त्यांच्याकडे झोप लागल्याच्या चार लेखी नोंदी होत्या आणि डोळे ताडगोळ्यासारखे सुजले होते. मान हलवायची भीती वाटते का, हे तपासायला त्यांनी मॉक ड्रिल ठेवलं. पुष्पलताबाईंनी न सांगता, केव्हाही, मागून येऊन ताटावर पळी आपटायची आणि जगदाळ्यांनी न घाबरता वळून बघायचं. बाईंनी ही एक जबाबदारी मात्र मनापासून पार पाडली. एका संध्याकाळी नऊ वेळा ताट वाजलं. पाचव्या वेळेनंतर जगदाळे स्वयंपाकघराकडे पाठ करीनासे झाले. त्यांनी प्रामाणिकपणे कागदावर लिहिलं, 'भीती: आहे.'

वाईट विचारांची तर त्यांनी वहीच घातली. वेळ, विचार, तीव्रता. बुधवारी तीन विचार, गुरुवारी चौदा. नोंद ठेवायला लागलं की नोंदी वाढतात हे त्यांना कारखान्यात माहीत होतं, तिथे ते त्याला जागरूकता वाढली म्हणत. घरी मात्र त्यांना घाम फुटला. दहापैकी आता पाच झाले होते.

त्यात शेजारी कामाला लागले. समोरच्या दारातल्या हेतलबेन शिवणकाम करायच्या आणि कुणाच्याही अंगाचं माप नजरेने घ्यायच्या. त्या आल्या त्या सासूबाईंचा मानेचा पट्टा घेऊनच. सासूबाईंना तो दोन महिन्यांसाठी दिला होता, त्यांनी तो तेरा वर्षं वापरला, अगदी शेवटपर्यंत, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. वरच्या मजल्यावरचा इंद्रजीत कापडाच्या गिरणीत मागावर होता. त्याने उंबऱ्यातूनच जगदाळ्यांकडे पाहून हळहळ केली. "साहब, हमारे मौसा को जौनपुर में ऐसे ही लगा था। बीस साल हो गए। तब से सामने ही देखते हैं।"

जगदाळ्यांनी मौसांची नोंद केली, आणि ताबडतोब दहावी ओळ तपासली: आपण बरे होऊ असं वाटतं का? मौसांच्या आधी वाटत होतं. आता सहा.

त्यांनी लगेच उपाययोजना केली. कारखान्यात धोका असला की पाटी लागते. त्यांनी पिवळ्या पुठ्ठ्यावर काळ्या अक्षरांत पाटी रंगवली आणि दाराबाहेर टांगली: 'सावधान. या घरात मानेविषयी निराशाजनक बोलू नये. आगंतुकांनी नोंदवहीत सही करूनच आत यावे. आदेशावरून.' परिणाम असा झाला की आजवर जे जगदाळ्यांच्या घराची पायरी चढले नव्हते तेही पाटी वाचायला आले. पाटीवर निराशाजनक बोलू नये असं असल्याने प्रत्येक जण आधी आपल्याला बोलायचं आहे ते निराशाजनक आहे का हे विचारून घ्यायचा, आणि ते विचारण्यासाठी सगळं सांगावंच लागायचं. गुरुवारी रात्रीपर्यंत वहीत एकोणतीस सह्या झाल्या. हेतलबेननी पाटीचा फोटो काढला. का काढला ते जगदाळ्यांनी विचारलं नाही.

वहीतली पहिली सही मात्र महादूची होती. खरं तर त्याने अंगठा उठवला, सही येत असून, कारण हाताला मासळी होती. धडकेचं त्याला मनापासून वाईट वाटलं होतं आणि वाईट वाटलं की काय करायचं याची त्याला एकच रीत ठाऊक होती. पहिल्या दिवशी पापलेटं, दुसऱ्या दिवशी मांदेली. पुष्पलताबाई साताऱ्याकडच्या, पण बोईसरात वीस वर्षं काढल्यावर त्यांना ताजी मासळी वासावरून कळायची. ही मान अशीच महिनाभर दुखली तर त्यांची हरकत नव्हती, फक्त तसं तक्त्यात लिहायला रकाना नव्हता.

महादू जगदाळ्यांच्या मानेकडे बघून डोकं हलवायचा. "साहेब, आमच्या होडीवर मान धरली तर त्याला जाल ओढायाला लावतात. तुमी बसून राहले, म्हनून ती बी बसली."

जगदाळे हसले, म्हणजे फक्त तोंडाने. कारण महादूकडे बघताना त्यांना नवव्या ओळीची आठवण झाली: कुणावर राग किंवा भरपाईची भांडणं. भरपाई त्यांनी मागितली नव्हती आणि राग तर एवढ्या पापलेटांनंतर शक्यच नव्हता. पण राग नाही याचा पुरावा काय? कारखान्यात तोंडी सांगितलेलं चालत नाही. राग नसल्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्यायचं असं त्यांनी ठरवलं.

शुक्रवारी कंपनीला सुटी आणि सरकारी कचेऱ्या चालू, म्हणून शुक्रवार. कोळगावला जिल्हा मुख्यालयाच्या आवाराबाहेर छत्रीखाली अर्ज लिहून देणारे बसतात, तिथे जायचं. आणि जायचं ते महादूच्या टेम्पोतून, कारण सातव्या ओळीत अपघात डोळ्यांपुढे येतो का असं होतं, आणि ज्या टेम्पोने धडक दिली त्यातच बसलं की तो धोकाही मिटेल. एका उपाययोजनेत दोन धोके, यावर ते स्वतःवरच खूश झाले. टेम्पोत डोक्यामागे उशी नव्हती, तेव्हा संरक्षण साधन म्हणून त्यांनी हेतलबेनच्या सासूबाईंचा पट्टा चढवला. रुचिताबाईंनी पट्टा नको म्हटलं होतं, पण साधनाशिवाय कामावर जाणाऱ्याला त्यांनी आयुष्यभर परत पाठवलं होतं.

सरावली ते कोळगाव या रस्त्यावर किती गतिरोधक आहेत हे जगदाळ्यांना आता बरोबर माहीत आहे. महादू त्यातल्या एकाही गतिरोधकाला गतिरोधक मानत नव्हता.

छत्रीखालच्या अर्जवाल्याने दोघांकडे पाहिलं. पट्टा बांधलेला एक माणूस, त्याच्या शेजारी त्याला उडवणारा, आणि दोघांमध्ये मासळीचा वास. त्याने न विचारता तक्रारीचा कागद टंकलेखन यंत्रात घातला. जगदाळ्यांनी सांगितलं, तक्रार नाही. बरं, मग तडजोड? तडजोडही नाही, कारण वाद नाही. मग काय हवं? राग नसल्याचं प्रतिज्ञापत्र.

अर्जवाल्याने चष्मा काढून पुसला. तीस वर्षांत त्याने सगळ्या प्रकारचे राग टंकले होते, पण राग नसल्याचा नमुना त्याच्याकडे नव्हता. तक्रार मागे घेण्याचा होता. त्याच्या मते उपाय सोपा होता. आधी तक्रार करायची, मग ती मागे घ्यायची, म्हणजे राग नसल्याचं आपोआप सिद्ध होतं.

जगदाळ्यांना हे पद्धतशीर वाटलं. हे सांगायला वाईट वाटतं, पण वाटलं. तक्रार म्हटली की तिच्यात घटना यायला हवी, म्हणून त्यांनी घटना सांगायला सुरुवात केली, आणि सांगता सांगता ते रेषेपाशी आले, आणि महादू म्हणाला की पन रेषेपाशी थांबायाचं काय कारन होतं, आणि जगदाळे म्हणाले की रेषेपाशी थांबायचंच असतं, आणि महादू म्हणाला की आख्ख्या बोईसरात तुमी एकलेच थांबतात, मंग चूक कोनाची? दहा मिनिटांत जगदाळ्यांचा आवाज आवाराच्या आत ऐकू जायला लागला होता. राग नसल्याचा पुरावा करायला गेलेल्या माणसाला चोवीस वर्षांत आला नव्हता एवढा राग आला. महादू टेम्पोत जाऊन बसला, आणि परतीच्या वाटेवर प्रत्येक गतिरोधकावर इतका सावकाश गेला की मागची वाहनं हॉर्न वाजवत राहिली. त्या सावकाशपणाने जगदाळ्यांना जास्त लाज वाटली. शनिवारी महादू आला नाही. जगदाळ्यांनी नवव्या ओळीपुढे खूण केली. सात.

आता मान खरोखरच ताठली. पट्टा काढला तर भीती वाटायची, ठेवला तर आणखी आखडायची. जगदाळे कामावर जात होते, कारण घरी राहिले असते तर फलकाचा प्रश्न निघाला असता, आणि पट्टा फाटकाबाहेर पिशवीत जात होता, कारण तो दिसला असता तरी निघाला असता. मान वळवायची झाली तर ते अख्खे वळायचे. कुणी मागून हाक मारली तर दोन्ही पाय उचलून, कवायतीसारखे.

पण इथे एक चमत्कार झाला. आजवर जगदाळे कारखान्यात हिंडायला लागले की कामगार वर बघून हसायचे आणि हेल्मेट डोक्यावर ठेवल्यासारखं करायचे. शनिवारपासून मात्र उंचावर चढलेला एक-एक माणूस कमरेला पट्टा लावून होता. शिड्या बांधलेल्या होत्या. ठेकेदारांची माणसं काम सुरू करायच्या आधी परवाना घेऊन त्यांच्यापुढे हजर होत होती, आणि तोही छातीच्या उंचीवर धरून. जगदाळ्यांनी याचा अर्थ लावला. ते हसत नव्हते, मान डोलावत नव्हते, कुणाकडे ओझरतंही बघत नव्हते. या ताठपणाचा वचक बसला होता. चोवीस वर्षं भाषणं देऊन जे साधलं नाही ते आखडलेल्या मानेने तीन दिवसांत साधलं. सोमवारी दुपारी तर त्यांच्या मनात असाही विचार आला की मान अशीच राहिली तर कारखान्याच्या दृष्टीने बरंच. त्यांनी तो वाईट विचारांच्या वहीत लिहिला, मग खोडला.

मंगळवारी संध्याकाळी, सातव्या दिवशी, ते पुन्हा पालघरला गेले. रुचिताबाईंनी तोच कागद भरून घेतला. टेम्पोच्या फेरीपासून अपघातही डोळ्यांपुढे यायला लागला होता. दहापैकी आठ. एका आठवड्यात दोनाचे आठ झालेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. हे कसं काय झालं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा जगदाळ्यांनी मोठ्या ऐटीत फाइल पुढे ठेवली. तक्ता, झोपेच्या नोंदी, ताटाच्या ड्रिलचा अहवाल, विचारांची वही, आगंतुकांची वही, तक्रारीची अर्धवट टंकलेली प्रत.

रुचिताबाईंनी सगळं पान पान वाचलं. मध्ये त्यांना दोनदा खोकल्याचा बहाणा करून आत जावं लागलं.

"काका," शेवटी त्या म्हणाल्या, "या यादीतल्या गोष्टी तुम्हाला नव्हत्या हो. तुम्ही एकेक बोलावून घरी आणल्यात."

त्यांनी फाइल ठेवून घेतली आणि कपाटात टाकली. उद्या काही मोजायचं नाही, काही लिहायचं नाही. दुखलं तर दुखलं. पट्टा ज्यांचा आहे त्यांना परत. जगदाळ्यांनी विचारलं की मग उद्यापर्यंत बरं होईल का, आणि रुचिताबाई म्हणाल्या की उद्याचं माहीत नाही, बरं होईल एवढं माहीत आहे. घरी जाताना, बगलेत फाइल नसलेल्या जगदाळ्यांना उघड्यावर आल्यासारखं वाटत होतं. पाटी उतरवली, पट्टा दिला, पुष्पलताबाईंनी फ्रिज पुसून काढला, आणि गजर न लावता ते गाढ झोपले.

बुधवार उजाडला. फाटकापाशी मंडप होता, कढईतून जिलेबीचा वास सुटला होता, पहिली पाळी सुटून दुसरी यायची म्हणून दोन्हीकडची माणसं जमली होती. जगदाळे गाडी लावून येत होते. फलकाला शिडी लावून फिटर जितेश वर चढला होता. तीन शून्यं त्याची टांगून झाली होती आणि काखेत तीनचा पत्रा घेऊन तो डावीकडच्या खिळ्याकडे झुकला होता. शिडी बांधलेली नव्हती.

"जितेश, शिडी!" जगदाळे ओरडले, आणि त्यांची मान वर गेली, शिडी धरायला कोण आहे ते पाहायला डावीकडे वळली, उजवीकडे वळली, पुन्हा वर गेली. दोघांनी धावत येऊन शिडी धरली. आणि जितेश वरून म्हणाला, "साहेब, मान वळली."

मग बोलता बोलता उघड झालं की सगळ्यांना माहीत होतं. हेतलबेननी काढलेला पाटीचा फोटो गुरुवारी रात्रीच कारखान्यातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर पोहोचला होता. कुणी मॅनेजरसाहेबांपर्यंत जाऊ दिला नव्हता. कुणीतरी सगळ्यांना बजावलं होतं की साहेबांना वर बघायला लावू नका, वळायला लावू नका, कागद छातीशी धरा. पट्टे, हेल्मेटं, बांधलेल्या शिड्या, सगळी त्यांच्या मानेची काळजी होती. थोडी जिलेबीचीही असेल. जगदाळ्यांना ज्या वचकाचा अभिमान वाटला होता तो वचक नव्हताच, ती दया होती, आणि ते ऐकून त्यांना आधी राग आला, पण तो टिकला नाही.

जितेश खाली उतरला. फलक शेवटचा शून्यावर आला होता तो याच जितेशमुळे. तो तेव्हा नवा होता. पावसात मोटारसायकल घसरून घोटा सुजला होता, आणि आठव्या दिवशी याच फाटकावर जगदाळ्यांनी अंगठ्याने तो घोटा दाबून पाहिला होता. पोराने थोडं दुखतंय म्हणून सांगितलं, आणि अकराशे दिवस गेले. लोकांच्या हातची मिठाई गेली. त्यानंतर महिनाभर कॅन्टीनमध्ये त्याच्या टेबलाशी कुणी बसलं नाही. जगदाळ्यांनी तेव्हा नियमाला नाइलाज असतो असं म्हटलं होतं, आणि नंतर त्याचा कधी विचार केला नव्हता.

"साहेब, आज आठवा दिवस ना?" जितेशने विचारलं. काखेत तीनचा पत्रा तसाच होता.

"हो."

"दुखतं का?"

त्याच्या मागे उभ्या शंभरेक माणसांनी एकदम नकारार्थी माना हलवल्या, डावीकडून उजवीकडे, काही न दुखता. एकाने तर हात जोडले. जिलेबीवाल्याने झारा थांबवला. जगदाळ्यांनी मान डावीकडे वळवून पाहिली. वळत होती. अगदी शेवटाला, कानाच्या खाली, कुठेतरी ओढ लागत होती. नाही म्हटलं असतं तर जगातल्या कुठल्याही डॉक्टरला ती सापडली नसती.

"थोडं," जगदाळे म्हणाले.

जितेशने काखेतला पत्रा फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे दिला. वर आता फक्त तीन शून्यं होती आणि ती काढायचीही गरज नव्हती.

मॅनेजरसाहेब आले, फलक बघून चमकले, जगदाळ्यांना बाजूला घेऊन बराच वेळ बोलले. जगदाळ्यांनी सगळं सांगितलं, रेषा, टेम्पो, कलम. मॅनेजरसाहेबांनी ते कलम कधी वाचलेलं नव्हतं. चाळीस किलो जिलेबी परत करता येत नाही हे कळल्यावर ती सुरक्षा जनजागृतीसाठी वाटावी असं ठरलं. आठ पानी भाषण खिशातच राहिलं, आणि त्याबद्दल मात्र सगळ्यांनी मनापासून आभार मानले.

दुपारी कॅन्टीनमध्ये जगदाळ्यांनी आपलं ताट कोपऱ्यातल्या रिकाम्या टेबलाशी नेलं. भिंतीकडे तोंड करून ते जेवायला लागले. कुणी चिडलेलं नव्हतं, पण जवळही कुणी येत नव्हतं. त्यांना पहिल्यांदाच कळलं की हा कोपरा किती लांब आहे.

मग शेजारी एक ताट टेकलं आणि जितेश बसला. बसला तोही डाव्या बाजूला.

"मला वाटलं होतं तुम्ही नाही म्हणाल," तो म्हणाला.

"मलाही वाटलं होतं," जगदाळे म्हणाले. आणि हे भिंतीशी बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी मान पूर्ण वळवून त्याच्याकडे पाहिलं. घोट्याचं विचारलं. आठ वर्षं उशिरा विचारलं, पण विचारलं. जितेश सांगत राहिला आणि जगदाळे तसेच डावीकडे वळून ऐकत राहिले. दुखत होतं थोडं, पण त्यांनी ते कुठे लिहून ठेवलं नाही.